मुखवट्याला तुकडे किती?

पहिला हशा विनोदाच्या आधीच आला.

दारावरची बेल वाजली होती, एवढंच. दार अजून उघडलंही नव्हतं. बाहेर कोण उभं आहे हे घरातल्या बाईला माहीत नव्हतं, मुलांना माहीत नव्हतं, पण थिएटरमधल्या शेकडो लोकांना पक्कं माहीत होतं आणि ते हसायलाही लागले होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी तर मांडीवर थापही मारून घेतली. मग दार उघडलं, करड्या केसांच्या, चष्मेवाल्या, भरदार मिसेस डाउटफायरबाई आत आल्या आणि हशाची दुसरी लाट उठली, पहिलीपेक्षा मोठी. बाई अजून एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

हे हसणं माझ्या ओळखीचं होतं. गाजलेलं जुनं नाटक नव्या संचात येतं तेव्हा प्रेक्षागृहात हेच होतं. लोक पुढचं वाक्य ओठांवर घेऊन बसलेले असतात. नटानं ते टाकलं की दाद देतात, पण ती दाद त्या नटाची नसते, स्वतःच्या आठवणीची असते. त्या वेळी नटाच्या पोटात काय होत असेल?

"मावशी, नाक मुरडायला येणार असशील तर नको येऊस," असं भाचीनं तिकिटं काढण्याआधीच बजावलं होतं. २०२४चा नोव्हेंबर. मी तिच्याकडे लंडनला गेले होते, बाहेर चार वाजता अंधार पडत होता आणि शनिवारच्या दुपारच्या प्रयोगाची स्वस्तातली तिकिटं तिला मिळाली होती. नाटक होतं ‘मिसेस डाउटफायर’. म्हणजे रॉबिन विल्यम्सच्या त्या सिनेमाचंच संगीत नाटक. घटस्फोटानंतर मुलांजवळ राहता यावं म्हणून डॅनियल हा बाप म्हाताऱ्या बाईचं सोंग घेऊन पूर्वीच्या बायकोच्या घरी मुलं सांभाळायच्या कामाला लागतो, ती गोष्ट.

नाक मुरडायला तसं कारणही होतं. त्या महिन्यात वेस्ट एंडमधल्या, म्हणजे लंडनच्या नाटकवस्तीतल्या, पाट्यांवरून नजर फिरवली की आपण जुन्या व्हिडिओ लायब्ररीत उभे आहोत असं वाटायचं. एका थिएटरात ‘बॅक टू द फ्युचर’, दुसऱ्यात ‘मीन गर्ल्स’, तिसऱ्यात नुकतंच सुरू झालेलं ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’. ज्यांच्या कॅसेट आणि सीडी लोकांनी झिजवल्या, ते सगळे सिनेमे आता गात होते. यात निर्मात्यांचा हिशेब सरळ आहे. संगीत नाटक उभं करायला प्रचंड पैसा लागतो, आणि ज्याचं नाव लोकांना आधीच ठाऊक आहे त्याचं तिकीट विकायला कष्ट कमी. मेल ब्रूक्सचा ‘द प्रोड्यूसर्स’ हा १९६७चा विनोदी सिनेमा २००१मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक होऊन आला आणि त्यानं १२ टोनी पारितोषिकं नेली, तेव्हापासून तर हा हिशेब सगळ्यांनाच पाठ झाला. गंमत म्हणजे त्या सिनेमाची गोष्टच मुळी एका लबाड निर्मात्याची आहे. नाटक हमखास पडावं म्हणून तो जिवाचं रान करतो.

पण नाक मुरडायचा मला हक्क आहे का, हाही प्रश्नच आहे. मी ‘मिसेस डाउटफायर’च्या आधी ‘चाची ४२०’ पाहिला होता. मूळ सिनेमा १९९३चा. त्यावर बेतलेला कमल हासनचा तमिळ ‘अव्वै षण्मुगी’ १९९६चा आणि आपली हिंदी चाची १९९७ची. मला इंग्रजी सिनेमा दिसला तो नंतर कधीतरी केबलवर, आणि पहिल्या दहा मिनिटांत मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, "अरे, या लोकांनी चाची उचललीय!" बरं, मूळ म्हणावं तर तो सिनेमाही मूळ नव्हे. ॲन फाइन या ब्रिटिश लेखिकेची ‘मॅडम डाउटफायर’ ही कादंबरी १९८७ची. तेव्हा आता चौथ्या-पाचव्या हाताला आलेल्या गोष्टीबद्दल मी सोवळं पाळावं, हे काही खरं नाही.

तर गेलो.

शाफ्ट्सबरी थिएटर बाकीच्या नाटकगृहांच्या घोळक्यापासून जरा फटकून, रस्त्याच्या टोकाला कोपरा धरून उभं आहे. ते १९११मध्ये उघडलं. आमच्या खुर्च्या ग्रँड सर्कलमध्ये, म्हणजे नाव भव्य आणि जागा पार वर, छताच्या पोटाशी. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले. भाचीला तिथल्या इतिहासाची हौस आहे. तिनं बसल्या बसल्या माहिती दिली, "मावशी, या थिएटरचं छत एकदा पडलं होतं." १९७३ साली. तेव्हा इथे ‘हेअर’ चालू होतं आणि त्याचे १,९९७ प्रयोग झाले होते. दोन हजाराव्याला तीन कमी असताना छताचा भाग कोसळला आणि नाटक थांबलं. हेच ते ‘हेअर’, जे १९६८च्या सप्टेंबरात इंग्लंडमधली नाटकांवरची सेन्सॉरशिप कायद्यानं संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं होतं. (आपल्याकडे नाटकाची संहिता अजूनही परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. असो.) मी मान वर करून छताकडे पाहिलं. सोनेरी नक्षी, गुबगुबीत मूर्ती. भक्कम दिसत होतं.

मध्यंतरापर्यंत मी नेमानं तुलना करत बसले होते. हा प्रसंग सिनेमातला, हा नवा, हा गाळला. मोबाइल आला, इंटरनेट आलं. सिनेमात बाई स्वयंपाकाशी झुंजतात, इथे पाककृतीच्या व्हिडिओतली माणसं पडद्यातून बाहेर येऊन स्वयंपाकघरात नाचतात. डॅनियलचा भाऊ फ्रँक खोटं बोलताना ओरडतो, अशी एक गमतीची सवय नाटकानं त्याला चिकटवली आहे आणि ती प्रत्येक वेळी हशा घेते. पण मन एकाच माणसाला शोधत होतं आणि तो तिथे असणं शक्य नव्हतं. रॉबिन विल्यम्स २०१४मध्येच गेला.

त्याच्या अभिनयाची अडचण अशी की तो लिहून ठेवता येत नाही. दिग्दर्शक ख्रिस कोलंबसनं सांगितलेलं आहे की विल्यम्स एकाच प्रसंगाचे लागोपाठ टेक द्यायचा आणि प्रत्येकात काहीतरी वेगळंच बोलायचा. म्हणून एकाहून जास्त कॅमेरे लावून ठेवावे लागत. समोरच्या नटाची दचकलेली मुद्रा पुन्हा मिळेल याची खात्री नसे. म्हणजे आपण जो सिनेमा पाठ केला आहे तो अपघातांचा संग्रह आहे. कुणीतरी संकलनाच्या टेबलावर बसून त्यातले चांगले अपघात निवडले. आता हे अपघात आठवड्यातून आठ वेळा, ठरल्या वेळी, वाद्यवृंदाच्या तालावर घडवून आणायचे. ते कसे घडावेत?

पहिल्या अंकात मला वाटलं, नाहीच घडत. डॅनियलचं काम करणारे गेब्रियल व्हिक विलक्षण चपळ नट आहेत, आवाजांची पोतडी त्यांच्याकडेही आहे, पण ती उघडली की आत सगळं घडी घालून ठेवलेलं दिसत होतं. मग एक प्रसंग आला. डॅनियल स्टुडिओत एकटाच आहे, कुणी बघत नाही अशी त्याची समजूत आहे. तिथलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तो तोंडानं एक ठेका धरतो. यंत्र तो ठेका फिरवत राहतं. त्यावर तो दुसरा आवाज चढवतो, त्यावर तिसरा, मग एखादं पात्र, मग त्या पात्राशी भांडणारं दुसरं पात्र. बघता बघता एका माणसाची जत्रा होते. हे सगळं तिथल्या तिथे चाललेलं होतं. एक ठेका जरी चुकला असता तर ती चूक यंत्रानं पुन्हा पुन्हा ऐकवली असती. मी खुर्चीत पुढे सरकले. सिनेमाची नक्कल नव्हती ही. विल्यम्सच्या डोक्यात जे चालत असेल ते बाहेर काढून दाखवायची युक्ती होती, आणि पडायची भीती खरी होती. विनोदी नटाला दोरीवर चालताना बघण्यात जे सुख असतं ते तिथे मिळालं.

मध्यंतरात आइस्क्रीमचा इवलासा डबा घेतला. त्याचा चमचा झाकणातच लपवलेला असतो. भाचीनं विचारलं, "काय गं, मुरडतेयस का?" मी म्हटलं, "अर्धं."

दुसऱ्या अर्ध्याची गोष्ट त्या मुखवट्यापासून सुरू होते.

सिनेमातला तो प्रसंग आठवा. न्यायालयानं नेमलेली बाई डॅनियलच्या घरी पाहणीला येते. त्याला एकदा स्वतः आणि एकदा स्वतःची ‘बहीण’ म्हणून समोर यायचं असतं, आणि नेमका मुखवटा खिडकीतून खाली पडतो, वर त्यावरून ट्रक जातो. तो मुखवटा आपल्याला स्पष्ट दिसतो: सबंध चेहऱ्याचा, एकसंध, रबरी. डोक्यावरून ओढला की झालं. प्रत्यक्षात तसा मुखवटा विल्यम्सनं कधी घातलाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर रोज सकाळी आठ वेगवेगळे पातळ तुकडे एकावर एक चढतील असे चिकटवले जायचे. हनुवटी वेगळी, गाल वेगळे, नाक वेगळं. त्याला चारेक तास लागत. त्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं. म्हणजे गोष्टीतला झटपट मुखवटा ही सिनेमानं केलेली शुद्ध थाप होती, आणि आपण ती कॅमेऱ्याच्या भरवशावर बिनबोभाट गिळली. कट झाला की माणूस बाई होतो. मधले चार तास कापलेल्या फितीबरोबर टोपलीत.

नाटकाला कट नाही. तिथे डॅनियल खरोखरच काही सेकंदांत डाउटफायर व्हायला हवा आणि पुढच्या काही सेकंदांत पुन्हा डॅनियल. म्हणून त्यांनी काय केलं, तर सिनेमातली थाप खरी करून दाखवली. डोक्यावरून ओढायचा एकसंध मुखवटाच बनवला. जोडीला भरीव अंगाचा सदरा, परकर, घागरा, मोजे. आणि विंगेत अंधारात उभी असलेली, आपल्याला कधीच न दिसणारी माणसं. ती त्या नटाला रेसिंगच्या गाडीसारखं पकडत असणार: एक डोकं, एक पाठ, एक पाय.

याची खरी कसोटी हॉटेलच्या प्रसंगात. सिनेमातही तोच कळस आहे: एका टेबलावर कुटुंबाचा वाढदिवस, तिथे डाउटफायर हवी. दुसऱ्या टेबलावर नोकरी देणारा अधिकारी (नाटकात ती बाई आहे), तिथे डॅनियल हवा. मध्ये स्वच्छतागृह. सिनेमात मी हा प्रसंग पाहून पोट धरून हसले आहे, पण तिथे माझं हसू गोष्टीतल्या माणसाच्या फजितीला होतं. इथे ते दोघांना वाटून गेलं. डॅनियलची फजिती आणि त्या नटाची दमछाक. तो धावत बाहेर येई तेव्हा त्याचा श्वास लागलेला ऐकू येत होता, तोही पार वर ग्रँड सर्कलमध्ये. एकदा टाय वाकडा होता. मुद्दाम की खरंच, कोण जाणे. सभोवती लोक नुसते हसत नव्हते, त्याला चढवत होते, शर्यतीत घोड्याला चढवावं तसे. शेवटच्या फेरीला टाळ्या पडल्या त्या संवादाला नव्हत्याच, कपडे बदलल्याबद्दल होत्या.

त्या प्रसंगात एक गायिका हॉटेलच्या मंचावर फ्लामेंको गाते. बाईला तिच्या पुरुषानं फसवलं आहे, त्याचं ती तळमळून गाणं करते, टाचा आपटते, आणि मागे डॅनियलची पळापळ चालू असते. तिचं दुःख जितकं गंभीर तितका मागचा गोंधळ हास्यास्पद. सबंध नाटकातलं मला लक्षात राहिलेलं गाणं हे एकच. बाकीची चाल म्हणून फारशी टिकली नाहीत, जिना उतरेपर्यंत विरली. संगीत वेन आणि कॅरी कर्कपॅट्रिक या भावांचं आहे, नीटनेटकं, घोटीव, जागच्या जागी. मला वाटतं तीच अडचण असावी.

आपला कान मुळात वेगळ्या सवयीचा. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून आपण जे संगीत नाटक म्हणतो त्यात पद सुरू झालं की गोष्टीनं अदबीनं बाजूला उभं राहायचं. गवई रंगला की घड्याळही थांबायचं. वन्स मोअर आला की पद पुन्हा, आणखी आला की आणखी पुन्हा, आणि नाटक संपायला पहाट झाली तरी घरी जायची घाई कुणाला? वेस्ट एंडच्या गाण्याला असं रेंगाळायची मुभा नाही. गाणं सुरू होताना पात्र जिथे होतं त्याच्या पुढे ते संपताना पोचलं पाहिजे. दिवे, सरकणारं नेपथ्य, खालच्या खड्ड्यातला वाद्यवृंद, सगळे एका वेळापत्रकाला बांधलेले. त्यात लहान मुलांच्या भूमिका आलटून पालटून करणारी मुलं, त्यांच्या कामाच्या तासांचे नियम. वन्स मोअर म्हणालात तर आख्खी आगगाडी रुळावरून घसरेल. पहिल्या अंकात मला याचा रागच येत होता. गाणं जरा फुलायला लागलं की पुढचं स्टेशन आलंच.

बालगंधर्वांची आठवण निघणं अपरिहार्य होतं, आणि ती काढली भाचीनंच. आपल्याकडे पुरुषानं बाईचं काम करणं ही एके काळी रीतच होती. पण तिथला करार उलटा. बालगंधर्व रंगमंचावर आले की हा नारायण राजहंस आहे हे प्रेक्षकांनी विसरायचं होतं, आणि ते इतकं विसरले की बायका त्यांचं बघून लुगडं नेसू लागल्या. डाउटफायरबाईंच्या बाबतीत विसरून चालतच नाही. आत पुरुष आहे हे क्षणभर विसरलात तर विनोद मेला. ‘अशी ही बनवाबनवी’तल्या सुधा आणि पार्वतीला आपण याच करारावर हसत आलो आहोत. पदराआडचा लक्ष्या दिसत राहिला पाहिजे.

हा करार अलीकडे थोडा अवघड झाला आहे, हेही त्या अंधारात बसून जाणवत होतं. पुरुषाच्या अंगावर बाईचे कपडे, एवढाच विनोद असेल तर तो कुणावर आहे, असं आता लोक विचारतात, आणि विचारावंच. मजा अशी की या जातीचे तीन प्रसिद्ध सिनेमे ब्रॉडवेवर जवळजवळ एकामागोमाग आले: ‘टूट्सी’ २०१९मध्ये, ‘मिसेस डाउटफायर’ २०२१मध्ये आणि ‘सम लाइक इट हॉट’ २०२२मध्ये. तिसऱ्यानं सगळ्यात धीट वाट घेतली. त्यातला एक जण वेष पालटतो आणि त्याला कळतं की हा वेष नाहीच, हेच आपण आहोत. ते काम करणाऱ्या जे. हॅरिसन घी यांना २०२३चं टोनी मिळालं. डाउटफायरच्या नाटकानं तशी उडी घेतलेली नाही. ते विनोदाचा रोख बाईपणावरून काढून त्या माणसाच्या खोटेपणाकडे वळवत राहतं. दुसऱ्या अंकात एक दुःस्वप्न आहे: रंगमंचावर एकाच वेळी कितीतरी डाउटफायर, तेच केस, तोच चष्मा, ओळीनं नाचताहेत आणि त्याला घेरताहेत. माझ्या डावीकडची चिमुरडी त्या वेळी आईच्या दंडात तोंड खुपसून बसली होती. मला ते आवडलं. सोंग एका मर्यादेपलीकडे नेलं की भयाण दिसतंच.

पण ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो प्रसंग साधाच आहे. मिरांडा, म्हणजे डॅनियलची पूर्वीची बायको, डाउटफायरबाईंजवळ मन मोकळं करते. लग्न का मोडलं, ते सांगते. तो वाईट नव्हता, पण त्याच्याबरोबर राहताना मी वाईट होत गेले, अशा अर्थाचं काहीतरी. सिनेमातही हा प्रसंग आहे आणि तिथे सॅली फील्ड बोलत असताना कॅमेरा विल्यम्सकडे जातो. त्या आठ तुकड्यांच्या आत त्याचा गाल किंचित हलतो. तुकडे कशासाठी होते ते तिथे कळतं. चार तास रोज खर्च करायचे ते चेहरा झाकण्यासाठी नव्हे, झाकूनही तो हलता राहावा म्हणून.

नाटकातला मुखवटा वेगासाठी केलेला. तो तसा हलणार कसा? आणि हलला तरी आम्हाला वरून काय दिसणार होतं? आता इथे हे लोक काय करणार, म्हणून मी अगदी परीक्षकाच्या नजरेनं बघत होते. त्यांनी काय केलं, तर मिरांडाला गाणं दिलं. तिचा चेहरा मोकळा आहे, गळा मोकळा आहे, ती गात गेली. डाउटफायरबाई नुसत्या बसून राहिल्या. दोन तास इकडून तिकडे धावणारा तो माणूस पहिल्यांदा निश्चल बसला होता. हात मांडीवर. करडं डोकं जरा खाली. आणि मी विसरले. आत कोण आहे ते नव्हे, ते उलट फारच जाणवत होतं. समोर मुखवटा आहे हे विसरले. त्या न हलणाऱ्या रबराला सगळं ऐकू जातंय असं वाटत होतं.

मग डोक्यात लख्ख पडलं की ज्या गाण्यांना मी धावत्या आगगाडीची म्हणून नावं ठेवत होते त्यातलं हे एक गाणं कॅमेऱ्याचं काम करत होतं. सिनेमा चेहऱ्याजवळ जातो. ग्रँड सर्कलमधल्या माणसाजवळ चेहरा कसा आणायचा? तर सुरावर बसवून. चाल घरी घेऊन जाण्यासारखी नव्हतीच ती. तिथल्या तिथे, त्या तीन-चार मिनिटांपुरती एक बाई आमच्या हाताच्या अंतरावर आणून ठेवायची होती. ते झालं. खाली-वर कुठेही खोकला नाही, चॉकलेटच्या कागदाचा आवाज नाही.

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं मी आधी सांगितलं, ते मांडीवर थाप मारणारे. त्यांच्या बरोबर दोन मुलं होती, दहा-बारा वर्षांची. मुलांची आई नव्हती. नंतर लक्षात आलं की आमच्या आसपास अशा जोड्या बऱ्याच होत्या, एक बाप आणि एक-दोन पोरं. शनिवारची दुपार. सिनेमातला न्यायाधीश डॅनियलला मुलांना भेटायला शनिवारच देतो. नाही, उगाच गोष्टी जुळवू नयेत. आईला कामं असतील, सर्दी असेल, नाटकाचा कंटाळा असेल. पण मिरांडाचं गाणं चालू असताना त्या गृहस्थांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि ते दोन्ही मुलांच्या मधोमध समोर बघत ताठ बसले होते, हे मी पाहिलं ते पाहिलं.

शेवट सिनेमासारखाच आहे, आणि तो तसा ठेवल्याबद्दल मी नाटकवाल्यांना पैकीच्या पैकी गुण देते. नवरा-बायको पुन्हा एकत्र येत नाहीत. सिनेमा घडत असताना त्यांना एकत्र आणावं असा दबाव होता, पण कोलंबस, विल्यम्स आणि फील्ड त्याला बधले नाहीत. घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलांना खोटी आशा दाखवायची नाही, हे त्यांचं म्हणणं. आपल्या चाचीला हे परवडलं नाही. तिथे जोडपं एकत्र आलं आणि आम्ही सगळे समाधानानं पॉपकॉर्नचा तळ शोधत बाहेर पडलो. मला तेव्हा तोच शेवट बरोबर वाटला होता. इंग्रजी सिनेमा पाहिल्यावर तर मी चिडले होते, एवढा खटाटोप करून हाती काय लागलं? मुलांना दुपारी भेटायची परवानगी. एवढंच? आता शेवटच्या गाण्याला ती पाचही माणसं रंगमंचावर होती, एकाच घरातली नव्हती, आणि टाळ्या थांबत नव्हत्या. तेव्हा मला ते ‘एवढंच’ तितकंसं लहान दिसलं नाही.

ब्रॉडवेवर या नाटकाच्या नशिबी फार कमी टाळ्या आल्या. मार्च २०२०मध्ये फक्त तीन पूर्वप्रयोग झाले आणि महासाथीनं सगळी थिएटरं बंद केली. २०२१च्या डिसेंबरात रीतसर उघडलं, जानेवारीत पुन्हा थांबवावं लागलं, एप्रिलमध्ये परत सुरू झालं आणि मे २०२२च्या अखेरीस कायमचं बंद. मग ते मँचेस्टरला गेलं आणि तिथून २०२३मध्ये इथे आलं. कपडे बदलत धावणारं नाटक. लंडनमध्ये मात्र ते २०२५च्या एप्रिलपर्यंत टिकलं.

बाहेर पडलो तर काळोख आणि बारीक पाऊस. भाची होबर्न स्टेशनपर्यंत ते फ्लामेंको गुणगुणत होती, शब्द येत नव्हते म्हणून तिनं मराठीत घातले. त्या पुरुषाला तिनं ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. फुटपाथवर टाचाही आपटून झाल्या. पुढच्या रांगेतले ते गृहस्थ सिग्नलला आमच्या शेजारीच उभे होते. धाकटा पोरगा त्यांना कोट ओढून सांगत होता, तसा आवाज काढा ना. त्यांनी काढून पाहिला. अगदीच वाईट. दोन्ही पोरं खिंकाळली.

रात्री जेवणानंतर आम्ही लॅपटॉपवर सिनेमा लावला. मुखवट्यावरून ट्रक गेला तेव्हा भाची हसली आणि मी मात्र, तो कसा एकसंध आहे बघ, म्हणून तिला बोटानं दाखवत बसले. मग मिरांडाचा तो प्रसंग आला. मी स्पेसबार दाबला, थोडं मागे घेतलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. डाव्या डोळ्याच्या खाली, जिथे एक तुकडा संपून दुसरा सुरू होत असेल, तिथे काहीतरी हललं होतं.

"मावशी, झोप आलीय मला, लाव ना पुढे," भाची म्हणाली.

"थांब गं," म्हटलं, आणि आणखी एकदा मागे घेतलं.